नानांची तीनचाकी आणि दसऱ्याचं धुणं

आमच्या घरी मोटार होती असं मी सांगितलं, की लोकांच्या चेहऱ्यावर थोडा आदर येतो; तिला तीन चाकं होती हे सांगितलं, की तो लगेच जातो. आता साठी उलटल्यावर मला त्याचं काही वाटत नाही. तेव्हा मात्र वाटायचं. पुढं एक चाक, मागं दोन, अंग फायबरचं, इंजिन पाठीमागं आणि आवाज पिठाच्या गिरणीचा. दक्षिणेतल्या कुठल्याशा कारखान्यातून अशा थोड्याफार मोटारी निघाल्या होत्या आणि त्यातली एक, बदली होऊन चाललेल्या एका साहेबाकडून, नानांनी घेतली. नाना म्हणजे माझे वडील. ते बिडकीनच्या शाळेत चित्रकला शिकवायचे आणि आम्ही राहायचो शहरात. तेव्हा आम्ही त्याला औरंगाबादच म्हणायचो. लहानपणी आलेल्या तापात त्यांचा डावा पाय बारीक झाला होता, त्यामुळं सायकल नाही, स्कूटर नाही. ‘तीन पायांची तिवई कधी डुगडुगत नाही, चार पायांचं टेबल डुगडुगतं,’ हे त्यांचं मोटार घेण्यामागचं शास्त्र. क्लचला डाव्या पायाचा जोर पुरेना, म्हणून हबीबचाचांनी तो हातावर आणून दिला. चाचा आणि नाना पोलीस ॲक्शनच्या आधी एकाच उर्दू शाळेत एका बाकावर बसलेले. पुढं नाना चित्रांकडं गेले आणि चाचांनी शहागंजच्या बाजूला ऑइल इंजिन आणि पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. मोटार अडून बसली की दोघं मिळून तिला उर्दूत शिव्या द्यायचे, आम्हा मुलांना कळू नयेत म्हणून. आम्हाला सगळ्या कळायच्या.

नानांनी ती मोटार मिरवायला घेतली नव्हती. बिडकीनच्या पोरांना ग्रेड परीक्षेला शहरातल्या केंद्रावर यावं लागायचं, आणि एसटीच्या गर्दीत ड्रॉइंग बोर्ड सांभाळत आलेल्या पोराचा हात पेपरच्या वेळी थरथरतो, असं त्यांचं म्हणणं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मोटार आमच्या दारात यायची ती आत चार पोरं, टपावर दोरीनं आवळलेले बोर्ड आणि खिडकीतून बाहेर आलेला एक हात, त्या हातात ब्रश बुडवायचा डबा. पोरं आमच्याकडं मुक्कामाला राहायची. संध्याकाळी ज्वारीचे धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, येसराची आमटी. पोरं ओळीनं बसून मुकाट खायची आणि आई ‘अजून एक घे, परीक्षा हाय’ म्हणत वाढत राहायची. त्यांतली काही पुढं साइनबोर्ड रंगवायला लागली, एकजण कापडाच्या गिरणीत डिझाइन काढायला गेला. ती पोरं मोटारीला हसायची नाहीत. हसायचे ते आमचेच लोक.

माझी आई पैठणकडच्या एका गावच्या पाटलाची लेक. माहेरी दारात बैलजोडी, बसायची दमणी, पुढं जीप. मामा आला की ओटा चढायच्या आधीच विचारायचा, ‘दाजी, चौथं चाक कवा घेणार?’ नाना म्हणायचे, ‘तुमच्या जीपचं एक काढून द्या.’ मामा हसायचा, नाना हसायचे, आई आत भांडी आपटायची. तरी गाडी आली त्या दिवशी ती नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली होती. पेढे घ्यायला गुलमंडीला जायचं ठरलं. क्रांती चौकात नानांनी वेग कमी केला, तर एका गृहस्थानं हात केला, दार उघडलं, आपली पत्र्याची ट्रंक आईच्या मांडीवर ठेवली, मागं जाऊन बसला आणि म्हणाला, ‘स्टेशन.’ त्याला ती रिक्षा वाटली. वाटली तर वाटली, पण नानांनी त्याला खरंच स्टेशनवर नेऊन सोडलं. गाडी सुटायला दहा मिनिटं होती म्हणे, वाद घालत बसलो असतो तर बिचाऱ्याची चुकली असती. आई घरी आली, मांडीवरचा ट्रंकेचा गंज झटकला आणि म्हणाली, ‘ह्या गाडीत मी पुन्हा बसणार नाय.’ आणि बसली नाही. आमची आई बोलली की बोलली.

नऊ वर्षं हे चाललं. दसऱ्याच्या मागंपुढं नानांच्या शाळेत पोरांच्या चित्रांचं प्रदर्शन भरायचं. आई नटून निघायची, पण एसटीनं. नाना मोटारीनं. दोघं शाळेच्या फाटकात भेटायचे आणि मग जोडीनं आत जायचे. दर वर्षी निघताना नाना विचारायचे, ‘येता का आज?’ आणि आई म्हणायची, ‘तुमी व्हा पुढं.’ त्यात भांडण नव्हतं. मी आणि माझा मोठा भाऊ, दादा, आम्हाला तर ते फार गमतीचं वाटायचं. बस आधी पोचणार की मोटार, यावर आम्ही पैज लावायचो. आज विचार करते तेव्हा त्यात गंमत कुठं होती ते सापडत नाही.

मग मोटार बंद पडली, पूर्ण बंद. नाना वर्षभर एसटीच्या दांडीला धरून बिडकीनला गेले. ‘सुमन, उन्हाळ्याच्या सुट्टीत हिला उघडू,’ असं मला म्हणत राहिले, कारण हात काळे करायची हौस घरात मलाच होती. मी तेव्हा कॉलेजात सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि दादा चितेगावच्या एका कारखान्यात लागला होता. त्या उन्हाळ्याच्या तोंडावरच नाना गेले. दोन दिवस छातीत दुखलं, तिसऱ्या दिवशी गेले. मोटार लिंबाखाली पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर मांजर व्यालं होतं.

पावसाळ्यात शाळेतून हेडमास्तर आले. या वर्षीचं प्रदर्शन नानांच्या नावानं भरवायचं, आणि उद्घाटन वहिनींच्या, म्हणजे आईच्या, हातानं. दसऱ्यानंतरचा शनिवार ठरला. ते गेल्यावर आई ओट्यावर येऊन बसली. मग मला आणि दादाला बोलावलं. ‘त्या दिवशी मी गाडीत बसून जाणार हाय. ते नऊ वर्षं म्हणत होते, मी नाय म्हणत होते. आता मला जायचंय. करा चालू.’ दादा म्हणाला, ‘आई, ती भंगारातसुद्धा कुणी घेणार नाही.’ आई म्हणाली, ‘मी इकायला नाय सांगितलं.’ तिनं डोळ्याला पदर लावला नाही, आवाज चढवला नाही. तिला काय हवं होतं ते आम्हाला त्या एका वाक्यात कळलं.

हबीबचाचा आले, शेडमध्ये वाकून अर्धा तास बघत राहिले आणि म्हणाले, ‘इंजिन जिंदा है बेटा. बाकी सब खलास.’ पुढचे दोन महिने मी कॉलेजातून आले की गच्चीवर. इंजिनाचं पोट चाचांनी दुकानात नेलं. बाकी जे जे सुटलं ते वर आलं. गच्चीवरच्या पत्र्याखाली दोन बाजा मांडल्या, त्यावर जुन्या चादरी, आणि चादरींवर चाचांच्या शिस्तीनं एकेक वस्तू: ब्रेकचं सामान, हाताच्या क्लचच्या सळया, कार्बोरेटर, दारांच्या बिजागऱ्या, दिवे, आणि प्रत्येकाच्या शेजारी त्याचेच नट, बोल्ट, वायसर, आईच्या मसाल्याच्या जुन्या वाट्यांत. चाचांकडं पुस्तक नव्हतं, नकाशा नव्हता. ही मांडणी हेच त्यांचं पुस्तक. ‘जो जैसा खुला, वैसाच लेटेगा. हात नै लगाना. पोंछना भी नक्को,’ त्यांनी मला बजावलं होतं. मी मान हलवली. घरात दुसऱ्या कुणाला हे सांगून ठेवायला हवं, हे मला सुचलं नाही. ती चूक माझी, आणि ती मी बरीच वर्षं दुसऱ्याच्या नावावर खपवली.

आमच्याकडं घटस्थापनेच्या आधी घरोघर दसरा काढतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, दसरा काढणं म्हणजे घरात जे जे आहे ते बाहेर काढून धुणं. गोधड्या, चादरी, पडदे, फळीवरचे डबे, माळ्यावरची तांब्याची घंगाळं, पाट, सुपं, देवघरातले देव, सगळं. चार दिवस बायकांची कंबर मोडते आणि घर ओळखू येत नाही. त्या वर्षी घरात सण करायचा नव्हता, पण आई म्हणाली, ‘सण नसला तरी घर काय घाण ठिवायचं?’ आत्या, म्हणजे नानांची बहीण, मदतीला आली. त्या दिवशी माझं कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. दुपारी मी आले तर जिन्यापासूनच चिंचेचा वास. गच्चीवर दोऱ्यांवर गोधड्या, कठड्यावर घंगाळं झळकतायत, दोन्ही बाजा धुऊन उभ्या करून ठेवलेल्या. आणि मधोमध, लग्नात कणीक मळतात त्या मोठ्या परातीत, नानांची मोटार. नट, बोल्ट, स्प्रिंगा, वायसर, सळया, पितळी नळ्या, सगळा एकच ढीग. राखेनं घासलेला, चिंचेनं उजळलेला, गंजू नये म्हणून वरून खोबरेल तेलाचा हात फिरवलेला. वाट्या धुऊन पालथ्या. कागदाची आणि बुचाची पॅकिंगं काळी, चिकट म्हणून केरात.

आत्या हसत म्हणाली, ‘बघ, कसं चांदीवाणी निघालं. तुझी आई सकाळधरनं घासायलीय. मला हात लावू दिला नाय.’ आई हात पुसत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी आजही विसरले नाही. शाबासकीची वाट बघणारं मूल असतं ना, तशी दिसत होती. ‘सगळं घर धुतलं अन् त्यांचंच सामान काळं राहिलं, बरं दिसलं असतं का?’ ती म्हणाली. आणि मी, वीस वर्षांची, सायन्सची हुशार पोरगी, तिला म्हणाले, ‘ते होते तेव्हा या गाडीची लाज वाटली. आता ते नाहीत, तर गाडीचीही वाट लावलीस.’ आत्यानं माझा दंड धरला. आईनं परात उचलून सावलीत ठेवली, वर फडकं झाकलं आणि चहा टाकायला खाली गेली. बोलून गेलेलं परत घेता येत नाही एवढं कळायला वीस वर्षं पुरेशी असतात, पण गप्प बसायला ती पुरत नाहीत.

चाचा संध्याकाळी आले. फडकं बाजूला केलं, एक नट उचलून उजेडात धरला आणि जिन्याच्या पायरीवर बसले. मला वाटलं, आता हे चिडणार. ते म्हणाले, ‘भाभी, इतनी साफ तो ये पैदा हुई तब भी नै थी.’ मग माझ्याकडं वळून हळूच, ‘एक-एक लगाके देखना पडेगा बेटा. दो महिने का काम है.’ शनिवारला सोळा दिवस होते. आई जिन्यात उभी राहून ऐकत होती. ती वर आली, पदर खोचला आणि चाचांच्या पुढ्यात बसली. ‘हबीबभाई, तुमी मला फकस्त भोक दाखवा. त्यात काय बसतं ते मी हुडकते. निवडायचं काम माझं हाय.’

दुसऱ्या दिवसापासून तिनं सूप घेतलं. तूर निवडायला बसावं तशी ती बसायची, पाय लांब करून, उजेडाकडं पाठ करून. आधी जाडीप्रमाणं ढीग केले, मग लांबीप्रमाणं, मग आट्यांप्रमाणं. आटे बारीक की जाड ते तिला बघावं लागायचं नाही. नखानं एकदा खरवडलं की कळायचं. चाचा म्हणायचे, माझ्याकडं हे मोजायची पट्टी आहे, भाभींच्या बोटाला ती लागत नाही. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमच्या एक गोष्ट ध्यानात आली. आईनं ते ढिगानं धुतलं नव्हतं. एकेक वस्तू हातात घेऊन, उलटसुलट करून, हे कशाचं असंल असा विचार करत धुतलं होतं. त्यामुळं तिला आठवत होतं. ‘ही स्प्रिंग त्या वाकड्या सळईत अडकली होती. सोडवताना माझ्या बोटाला लागलं म्हणून ध्यानात हाय.’ ‘हे दोन वायसर चिकटलेले होते, मला वाटलं एकच हाय.’ ‘ह्या चार बोल्टांना लाल माती होती. खालच्या अंगाचे असतील.’ चाचा बसवून बघायचे आणि ‘हौ’ म्हणायचे. दर वेळी नाही. पण दहांत सात वेळा म्हणायचे.

नवरात्र चाललं होतं, आईचे उपवास चालले होते, आणि भगर-आमटीचं ताट बाजूला सारून ती मला विचारत होती, कार्बोरेटरला हवा कुठून जाते. मी तिची माफी मागितली नाही. आमच्या घरात तशी रीत नव्हती. मी दुसरं सूप घेतलं आणि तिच्यासमोर जाऊन बसले, आणि तिनं अर्धा ढीग माझ्याकडं सरकवला. मला त्या क्षणी रडू आलं, ते मी सामानाला चिकटून राहिलेल्या राखेच्या नावावर घातलं. दादा सुट्टीच्या दिवशी येऊन गाडीचं अंग घासायचा, रंग मारायचा. रंग आकाशी, नानांना आवडायचा तो. पॅकिंग कापायला जाड कागद लागत होता. चाचा बाजारातून आणतो म्हणाले, पण आईनं कपाट उघडून नानांचे कोरे ड्रॉइंगचे कागद काढले, चारदा हात फिरवला आणि दिले. चाचांनी ते तेलात भिजवून कात्रीनं कापले. त्या कागदावर नाना काय काढणार होते कोण जाणे. चाचींनी पुढच्या सीटला हिमरूचा, आमच्याकडच्या रेशमी वेलबुट्टीच्या कापडाचा, एक तुकडा दिला. असल्या गाडीत हिमरू कशाला, असं दादा म्हणाला, तर आईनं सुईदोरा घेतला.

खंडेनवमीला घरोघर हत्यारं पुजतात. आमच्याकडं सण नव्हता, तरी त्या दिवशी चाचांचे पाने ओळीनं पाटावर मांडले आणि आईनं त्यांना झेंडूची फुलं वाहिली. चाचा टोपी सावरत उभे होते. मग त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. गाडी पहिल्यांदा नुसती खोकली, दुसऱ्यांदा नुसती थरथरली, आणि तिसऱ्यांदा तो गिरणीचा आवाज सगळ्या गल्लीत गेला. परातीत तीन बोल्ट उरले होते. ते कुठले, हे आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही. चाचा म्हणाले, कंपनीनं जास्तीचे लावले असतील. आई मात्र अस्वस्थ होती. दोन दिवस ती गाडीच्या खाली वाकून बघत होती.

शनिवारी सकाळी मी चालवायला बसले; नानांनी मला थोडंफार शिकवलं होतं. पुढं माझ्या शेजारी आई, मागं दादा आणि चाचा. आईनं नवं लुगडं नेसलं नव्हतं, ते तिला आता नको होतं. अंगावर रोजच्यातलंच स्वच्छ लुगडं होतं, पांढऱ्यावर निळ्या बुंदकीचं. दार लावताना तिचा हात थांबला. मी म्हणाले, ‘आई, भीती वाटायलीय का?’ ‘नाय. चल.’ क्रांती चौकात आम्हाला कुणी हात केला नाही, आणि खरं सांगते, मला थोडं वाईट वाटलं. पैठण रस्त्याला लागल्यावर ज्वारीचा हिरवा वास आत यायला लागला. आता त्या रस्त्यावर नुसते कारखाने आणि कंटेनर आहेत, मागच्या वर्षी मुलानं मला त्या बाजूनं नेलं तर मला एक वळण ओळखता आलं नाही. तेव्हा रस्ता अरुंद होता आणि बाजूला बाभळी. आई सगळा वेळ कान देऊन बसली होती. एखादा खडखडाट झाला की ती म्हणायची, ‘हे डावं दार हाय, त्याचं काय नाय.’ चितेगावच्या चढाला गाडी दमली, आवाज बसला. आई म्हणाली, ‘क्लच दाब, हळू सोड. ती सळई लांब हाय, घाई करू नको.’ मागून चाचा म्हणाले, ‘भाभी बराबर बोल रै.’ मी सोडला. गाडी चढली.

शाळेचं फाटक उघडं होतं. मैदानावर पोरं ओळीनं उभी, हेडमास्तर हार घेऊन पुढं, मागं गावातली बरीच माणसं; त्यात नानांची जुनी पोरंही होती, आता मिशा आलेली. मामासुद्धा आला होता, जीप घेऊन. आवाज आधीच पोचला असणार, कारण सगळे आमच्याकडंच बघत होते. मी गाडी फाटकातून आत घेतली आणि व्हरांड्याच्या पायऱ्यांशी थांबवली. हेडमास्तरांनी स्वतः दार उघडलं. आई उतरेना. दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत बसली. मला वाटलं, तिला भरून आलंय. मी म्हणाले, ‘आई, उतरायचं ना?’

तिनं हेडमास्तरांच्या हातातून दार हळूच ओढून घेतलं आणि लावलं.

‘मास्तर, थांबा जरा,’ ती खिडकीतून म्हणाली. मग माझ्याकडं न बघता, ‘मैदानाला एक चक्कर मार.’

‘आता? सगळे बघायलेत.’

‘व्हय. हळू चालव. बघू दे सगळ्यांना.’